दोनशे अठरा बांगड्या

आमच्या पॅकहाऊसमधी जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली दहा मिनिटं माझी. तसा कुठं कागद नव्हता, पण बायका रिकामे क्रेट पालथे घालून गोल बसायच्या, डबे सोडायच्या, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडला की कुणीतरी म्हणायचीच, "हां, चालू द्या तुमचं."

माझं म्हंजे नकला. दुसरं मला काय येत नाय. चौथीत दोन वर्षं बसलो, तिसऱ्या वर्षी मास्तर म्हणाले, बाकडं झिजतंय, आता घरी जा.

हे पॅकहाऊस पिंपळगाव बसवंतला, हायवेच्या कडंला. द्राक्षाचं. बागेतून क्रेट येतात, बायका टेबलाशी उभ्या राहून कात्रीनं सडका मणी, बारका मणी काढतात, घड प्लास्टिकच्या डबीत भरतात. डब्या पेटीत, पेट्या थंड खोलीत, आणि तिथून कंटेनर भरून परदेशात. माझं काम क्रेट उचलून टेबलापाशी नेऊन ठेवायचं. त्याला डोकं लागत नाय म्हणून ते मला.

त्या गोलात माझी जागा ठरलेली, मावशीच्या शेजारी. मावशी म्हंजे आमच्या टेबलावरच्या एकोणीसजणींची म्होरकी. सगळ्यात जुनी, सगळ्यात चपळ. तिचं माहेर नामपूरचं. एरवी आमच्यासारखीच बोलायची, पण रागावली की तोंडात अहिराणीतलं "शे" यायचं. म्हणून "काय शे?" ऐकलं की समजायचं, पळा. तिचा ठेचा असा की कानातून धूर निघावा. माझ्या डब्यात नुसत्या भाकरी असायच्या. बायको म्हणायची, "भाजी तर तिकडं एकोणीस घरची मिळती तुम्हाला, मी कशाला करू?" खरंच मिळायची. मावशी माझ्या भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवायची अन् म्हणायची, "खाय रे भाऊ. तुझ्या डोक्यात नाय तर पोटात तरी काय पडूंदे."

आता नक्कल कुणाची करायची? तर साहेबाची. दुसऱ्या कुणाची करून कोण हसतंय?

साहेब म्हंजे आमचे सुपरवायझर. नाशकातून स्कूटरवर यायचे. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, कानावर पेन्सिल. बोलायचे कमी. जेवायला कोपऱ्यातल्या प्लायवूडच्या खोलीत एकटे बसायचे. त्यांचा राग यायला एवढं बी पुरं होतं, पण त्यांचा एक वेगळाच उद्योग होता. ते बांगड्या मोजायचे.

रोज सकाळी दारात बाया ओळीनं उभ्या. एकेक पुढं येणार, दोन्ही हात समोर धरणार. साहेब पेन्सिलीच्या टोकानं, हाताला हात न लावता, एकेक काचेची बांगडी मोजणार अन् वहीत आकडा लिहिणार. संध्याकाळी जाताना परत तेच. एक बी कमी भरली की त्या बाईच्या दिवसभराच्या पेट्या उघडायच्या. का, तर माल परदेशात जातो, डबीत काचेचा तुकडा निघाला तर आख्खा कंटेनर माघारी.

कारण बरोबर होतं, पण साहेबांनी ते एकदाच सांगितलं, अन् ते बी भिंतीकडं बघून. माणसाला कारणाचा राग नसतो बघा. आपल्याला कुणीतरी मोजतंय, ह्याचा असतो. संध्याकाळी टेम्पो फाटकात उभा, घरी नळाला साडेसहाला पाणी येणार, म्हशी खोळंबलेल्या, आणि हा बाबा म्हणतोय, "पुन्हा धरा हात."

एका बाईच्या हातात तर काच नव्हतीच. तिचा नवरा वारलेला. दोन स्टीलची कडी होती नुसती. ती बाजूनं निघून चालली की साहेब तिला बी थांबवायचे. पेन्सिल नाचवायचे, "एक, दोन," अन् लिहायचे. मला वाटायचं, काय येडा माणूस हाय! स्टील काय फुटतंय काय? नकलेत मी ते मुद्दाम घ्यायचो. हमखास हसू.

एकदा संध्याकाळी मावशीची एक कमी भरली. तिच्या तेरा, डाव्या हातात सहा अन् उजव्यात सात. त्या दिवशी बारा. साहेबांनी सगळ्यांना थांबवलं. तिच्या पेट्या उघडल्या, डब्या उघडल्या, घड झटकून बघितले. टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. मावशी लाल झालेली. "काय शे? मी काय चोर शे?" शेवटी बांगडीचे दोन तुकडे सापडले तिच्याच डब्याच्या पिशवीत. दुपारी डबा काढताना वाढली होती, तिला बी कळलं नव्हतं. साहेबांनी ते तुकडे कागदात बांधले, वहीत काहीतरी लिहिलं, म्हणाले, "जा आता." माफी नाय, काय नाय.

दुसऱ्या दिवशीची माझी नक्कल तुम्ही बघायला पायजे होती. पेट्या बांधायच्या पट्टीचा चष्मा केला, कानावर गाजर खोचलं, अन् मावशीच्या भाकऱ्या मोजायला घेतल्या. "पुन्हा धरा डबा! एक भाकरी कमी आहे! सगळ्यांची पोटं उघडा!" मावशीला हसून हसून ठसका लागला. मी तिला पाणी दिलं. तेवढं मोठं कौतुक मला आयुष्यात दुसरीकडं कुठं मिळालेलं नाय. लग्नात बी नाय.

रोज नक्कल करायची म्हंजे आकडे पाठ लागतात. मला सगळ्यांचे पाठ होते. कुणाच्या अकरा, कुणाच्या नऊ, कुणाच्या पंधरा. ती दोन कडी धरून सगळ्या मिळून दोनशे अठरा. चौथी नापास माणसाला एवढा हिशोब येतो म्हणून मी स्वतःवरच खूश.

मग तो दिवस आला. फेब्रुवारीचा, ऐन सीझन. मी क्रेटवर उभा, चष्मा लावलेला, अन् नक्कल रंगलेली. तेवढ्यात बायका गप झाल्या. मला वाटलं जोक पडला. जोक पडला की माझी एक सवय हाय, मी तोच जोक आणखी मोठ्यानं सांगतो. मी ओरडलो, "धरा हात! अकरा! नऊ! बिनकाचेच्या बाईंच्या दोन!" कुणी हसंना. मी आणखी मोठ्यानं, "पंधरा! तेरा!"

मागून आवाज आला, "ये क्या गिन रहा है?"

वळून बघतो तर आमचे मालक, शेठ, आणि त्यांच्याबरोबर माल घेणाऱ्या कंपनीचा तपासणीला आलेला माणूस. डोक्याला जाळीची टोपी, हातात फळी अन् कागद.

शहाणा माणूस म्हणला असता, काय नाय साहेब, गंमत. मी क्रेटवरून उतरलो, छाती काढली अन् म्हणालो, "बांगड्या, सर! हमारे साहेब रोज मोजते हैं. काच के. दोनशे अठरा, टोटल!"

त्या माणसानं शेठकडं बघितलं. "काँच अंदर जाता है?"

शेठनं काय उत्तर द्यावं? त्यांना ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात साहेब त्यांच्या खोलीतून बाहेर आले. हात खरकटा, तसेच. म्हणाले, "जाता है. मेरी ज़िम्मेदारी पे."

आठ दिवसांनी साहेब यायचे बंद झाले. कुणी काय सांगितलं नाय. बायकांना आनंद झाला, मला तर लय. मी त्या दिवशी साहेबाच्या निरोपाच्या भाषणाची नक्कल केली. प्रत्यक्षात त्यांना निरोप कुणी दिलाच नव्हता.

मग शेठनं मला बोलावलं. "तुला सगळं पाठ आहे म्हणे. बाया बी तुझं ऐकतात. आजपासून सुपरवायझर तू. कागदाचं कॉम्प्युटरवरची पोरगी बघंल, तू माणसं सांभाळ." मला कॉलरचा शर्ट दिला. मी घरी आरशापुढं उभा राहून बघितलं तर साहेबच दिसले, फक्त जाडे अन् बिनशिकलेले.

जाता जाता शेठ म्हणाले, "आणि उद्यापासून काच पूर्ण बंद. सगळ्यांना बांगड्या काढून यायला सांग."

"मोजायच्या ना, शेठ?"

"मोजायच्या कशाला? नियम बांगड्या काढून यायचाच होता पहिल्यापासून. त्यानंच स्वतःच्या डोक्यानं मोजणं चालू ठेवलं होतं. मला अंधारात ठेवून."

हे ऐकलं तवा माझ्या डोक्यात उजेड पडायला पायजे होता. पण नवा शर्ट होता ना अंगात.

मी ती गोष्ट जोक करून सांगितली. दुपारी गोलात उभा राहिलो अन् म्हणालो, "उद्यापासून सगळ्यांनी काचा घरी ठेवून यायच्या. चष्मेवाल्यांनी चष्मे बी!"

कोण बी हसलं नाय. मावशीनं घास खाली ठेवला. "काय शे? परत सांग."

मी परत सांगितलं. ह्या वेळी चष्म्याचा भाग गाळला.

ती दोन कड्यांची बाई कधी बोलायची नाय. ती त्या दिवशी बोलली. डब्याचं झाकण लावत हळू म्हणाली, "म्हंजे आता सगळ्या माझ्यासारख्या."

तवा मला कळलं, साहेब तिची कडी का मोजायचे. सगळ्या ओळीत उभ्या राहताना तिला एकटीला बाजूनं जाऊ द्यायचं नव्हतं त्यांना. आणि मी त्याच्यावर हशा घेत होतो.

दुसऱ्या दिवशी दारात एकोणीसपैकी बारा बाया बांगड्या घालूनच आल्या. कासारानं हात दाबून भरलेल्या त्या, अशा कुठं निघतात? अन् नवरा जिता असताना मोकळ्या हातानं घराबाहेर निघायचं तरी कसं? मी म्हणालो, शेठचा हुकूम हाय. त्या म्हणाल्या, मग शेठला सांग पेट्या भरायला. सरळ हायवे ओलांडून समोरच्या पॅकहाऊसमधी गेल्या. तिथं कुणी हात बघत नव्हतं.

मावशी गेली नाय. ती फाटकाजवळच्या नळावर बसली, हाताला साबण लावला अन् बांगड्या काढायला लागली. मी म्हणालो, "मावशी, राहूंदे." तिनं बघितलं बी नाय. दोन निघाल्या. तिसरी तटकन वाढली. मनगटावर रक्ताची बारीक रेघ आली. ती उठली, ओल्या हातानं ते तुकडे माझ्या हातावर ठेवले.

"घ्या साहेब. मोजा."

तोवर मी तिचा "रे भाऊ" होतो. शिव्या देताना बी "रे" होता. त्या एका सकाळी "घ्या" झालो.

निघालेल्या दोन तिनं परत चढवल्या अन् ती बी हायवे ओलांडून गेली. टेबलाशी राहिल्या सात. थंड खोली रिकामी, कंटेनर दारात उभा, शेठचा फोन दर पंधरा मिनिटांनी. दुपारी मी डबा घेऊन गोलात गेलो तर सातजणी उठून हात धुवायला गेल्या. अर्ध्या भाकरी तशाच टाकून. मी प्लायवूडच्या खोलीत गेलो अन् नुसती भाकरी खाल्ली. भाजी नसल्याचं मला त्या दिवशी कळलं. बायकोला रात्री म्हणालो, उद्यापासून भाजी दे. ती म्हणाली, "का? एकोणीस घरं बंद झाली का?"

रविवारी नाशकात साहेबांच्या घरी गेलो. पत्ता कॉम्प्युटरवरच्या पोरीनं दिला. दुसऱ्या मजल्यावर, दारात कुंड्या. साहेबांनी दार उघडलं. बनियनवर होते. बिनइस्त्रीचे साहेब मी पहिल्यांदा बघितले.

"ये. चहा घेशील?"

मी भाषण पाठ करून गेलो होतो, ते पार विसरलो. म्हणालो, "साहेब, माझ्यामुळं झालं."

"हो," साहेब म्हणाले. "साखर किती?"

चहा पिताना त्यांनी सांगितलं. पहिल्या वर्षीच नियमाचा कागद आला होता, काच काढा म्हणून. त्यांनी दोन दिवस विचार केला अन् त्या कागदाखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, की बांगड्या रोज दोनदा मोजल्या जातील, कमी-जास्त झाल्यास जबाबदार मी. खाली सही. त्या कागदाच्या भरवशावर इतकी वर्षं गेली.

"मग बायकांना सांगायचं ना, साहेब! त्यांनी डोक्यावर घेतलं असतं तुम्हाला."

"म्हणूनच नाही सांगितलं. उपकार आहे कळलं असतं, तर कमी भरल्यावर मला त्यांच्या पेट्या उघडायला जीवावर आलं असतं. रागावलेल्या बरं. टेम्पोत बसेपर्यंत राग संपतो."

मी चहा बशीत ओतला. मग त्यांनीच विचारलं, "नक्कल चालू आहे का?"

माझा चहा नाकात गेला. "तुम्हाला ठाऊक होती?"

"दारापर्यंत यायचो रोज डबा घेऊन. वाटायचं, जावं आत. पण मी आत आलो असतो तर ती बंद झाली असती." चष्मा वर सरकवत म्हणाले, "एक चूक करायचास. चष्मा तू डाव्या हातानं वर करायचास. मी उजव्या हातानं करतो."

निघताना जिन्यापर्यंत आले. परत कामावर घ्यायला शेठशी बोलू का, मी विचारलं. म्हणाले, "मला दुसरीकडं लागलंय." खरं असावं. खोटं बी असंल. त्यांच्या तोंडावरून मला कधीच काय कळलं नाय, अन् त्याच तोंडाची मी तीन वर्षं नक्कल केली.

सोमवारी शेठकडं गेलो. म्हणालो, "मोजणं चालू करू द्या. बाया माघारी येतील. मी सही करतो." शेठ म्हणाले, "काच निघाली तर तू गेलास." मी म्हणालो, "जाईन." कंटेनर उभा होता, म्हणून त्यांनी मान हलवली. पोरीनं कागद केला. माझी सही म्हंजे तीन अक्षरं, त्यातलं एक उलटं. पण जबाबदार मी, हे मी पोरीकडून वाचून घेतलं. दोनदा.

हायवे ओलांडून समोर गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं, बांगड्या राहू द्या, मोजू. का, कसं, ते सांगितलं नाय. लय जिभेवर आलं होतं. त्या आल्या. समोरचा मालक चार दिवसांची मजुरीच देत नव्हता म्हणून आल्या, माझ्यासाठी नाय.

आता रोज सकाळी दारात मी उभा, कानावर पेन्सिल. हात समोर येतात. अकरा. नऊ. पंधरा. कडी दोन. मावशीच्या हातापाशी माझी पेन्सिल अडते. तिनं ती वाढलेली बांगडी परत भरली नाय. सहा अन् सहा. एरवी सम आकडा ठेवणारी बाई ती नव्हे. मी म्हणतो, "बारा." ती म्हणते, "लिहा साहेब." एकूण दोनशे सतरा.

घरी एकदा बायकोनं विचारलं, "साऱ्या गावच्या बांगड्या पाठ हायेत तुम्हाला. माझ्या किती, न बघता सांगा." मला सांगता आलं नाय. तिनं दोन्ही हात पदरात घेतले अन् म्हणाली, "बघायचं नाय. विचार करा." अजून सांगितलेलं नाय तिनं.

संध्याकाळी टेम्पो वाजतो, बाया माझ्याकडं बघतात, अन् मला त्यांच्या डोळ्यांत साहेब दिसतात. एकदा एकीची एक कमी भरली. मी पेट्या उघडल्या. साडेसात वाजले. ती रडली. तुकडा टेबलाच्या खाली सापडला. मला तिला सांगायचं होतं, बाई, तुझ्यासाठीच करतोय. तोंडातून निघालं, "जा आता."

मला ती दहा मिनिटं लय आठवतात. नक्कल करायचं दुःख नाय, माझ्या नकला काय लय भारी नव्हत्या. पण एकोणीस घरचे घास खायचे, कुणाची पोरगी पास झाली, कुणाच्या सासूनं काय टोमणा मारला, सगळं त्या गोलात पडायचं अन् मला फुकट मिळायचं. आता माझ्यापर्यंत फक्त रजेचा अर्ज येतो. तो मला वाचता येत नाय.

मागच्या आठवड्यात दुपारी डबा घेऊन खोलीकडं चाललो होतो. दाराच्या पलीकडनं हसू ऐकू आलं. थांबलो. यंदा येवल्याकडची एक नवी बाई आलीय टेबलावर, तिचा आवाज होता. जाडा आवाज काढून बोलत होती. "अकरा! नऊ! कडी दोन!" मग एकदम थांबली. नाक ओढलं. बारीक आवाजात, रडवेल्या म्हशीसारखं म्हणाली, "मावशी... बारा?"

आत फुटल्या सगळ्या. मावशीचा ठसका मला वेगळा ओळखू आला.

"अन् पेन्सिल बघा कशी चाटतात!" ती नवी म्हणाली.

मी मनात म्हणालो, हे मात्र खोटं हाय. मी कुठं पेन्सिल चाटतो? अन् बघतो तर पेन्सिल तोंडातच.

जावंसं वाटलं आत. असं वाटलं की जावं, क्रेट ओढावा, म्हणावं, पोरी, मान थोडी वाकडी धर, मग जमंल. नक्कल चांगली होती तिची. माझ्यापेक्षा बरी. पाय उचलला बी होता.

तेवढ्यात दार उघडलं. पाणी घ्यायला मावशी बाहेर आली. मी डबा घेऊन, तोंडात पेन्सिल धरून, भिंतीला चिकटलेला. तिनं मला बघितलं. माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं. तशीच आत गेली. मला वाटलं, संपलं, आता ती सांगणार, अन् हसू बंद होणार.

हसू बंद झालं नाय. ती परत आली. दार अर्धंच उघडलं. भाकरीच्या चतकोरावर ठेच्याचा गोळा होता. तिनं तो माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला.

"आत नका येऊ, साहेब," ती हळू म्हणाली. "बंद पडंल त्यांचं."

दार लोटलं. मी तिथंच उभा राहून खाल्लं. ठेचा तसाच होता. कानातून धूर निघाला, अन् डोळ्यातून पाणी. ते मी ठेच्याच्या नावावर घातलं. आतून आवाज आला, "पुन्हा धरा हात!"

आत असतो तर मी बी हात धरले असते.